लाटेपलीकडचं बेट

"पण आई, पैसे वसूल होतात की नाही, एवढंच विचारतोय मी."

सोयराआई सुपात तांदूळ निवडत होत्या. टेकडीवरच्या त्या लहानशा मठात त्यांच्याशिवाय कोणी राहत नसे. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मला काय विचारतोस? लोक तुला विचारतात ना?"

ते खरं होतं. कोणता व्हिडिओ गेम घ्यावा, कोणता नको, हे निनाद खरपुडे आपल्या चॅनलवर सांगायचा आणि हजारो पोरं त्याचा शब्द मानायची. भल्याभल्या गेमची तो चुटकीसरशी चिरफाड करी. तो तोरा त्याच्या बसण्यातही असायचा. आज मात्र आईंशेजारी ओट्यावर तो अंग चोरून बसला होता.

"विकतात तरी काय?" आईंनी विचारलं.

"गेम आधीच विकलेला असतो. लोक तो खेळून संपवतात. मग कंपनी त्याच गेमला जोडून आणखी एक भाग काढते. नवा मुलूख, नवी माणसं. त्याचे पैसे वेगळे."

"म्हणजे पंगत उठल्यावर वाढायला येतात."

निनाद हसला. "तसंच म्हणा. बरेचदा उरलंसुरलंच असतं. पण हा भाग तसा नाही. मन लावून केलाय. मी सगळा खेळलो."

"मग सांग की, घ्या म्हणून."

निनादनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"त्या गेममध्ये समुद्र आहे," तो म्हणाला. "किनाऱ्यावर एक कडा. तिथून लांबवर एक बेट दिसायचं. नुसतं दिसायचं. होडी घेऊन गेलं की लाट यायची आणि मागं लोटायची. मग मी आणि ताई आपापला खलाशी त्या कड्यावर नेऊन बसवायचो. शेजारी शेजारी."

"आणि?"

"आणि बेटावर काय काय आहे, ते ती सांगत राहायची. मी म्हणायचो, ताई, ते नुसतं रंगवलेलं चित्र आहे. मागं काही नाही."

"निघालं का काही?"

"निघालं. हा नवा भाग म्हणजे तेच बेट. या वेळी लाट आली नाही. होडी सरळ लागली. किल्ला आहे, जंगल आहे. संगीतसुद्धा सुरेख दिलंय."

"ताई काय म्हणाली?"

निनादनं खाली बघितलं. "ताई दोन वर्षांपूर्वी गेली. आजारी होती."

सूप थांबलं.

"मी बेटभर फिरलो, आई. कोपरान् कोपरा. ती म्हणायची त्यातलं काहीच नव्हतं तिथं. मग वळून कड्याकडे बघितलं. इतक्या लांबून केवढासा दिसतो तो... तिथं कोणी नव्हतं."

त्याचा आवाज खाली गेला. "आता त्या बेटाकडं बघावंसंच वाटत नाही. पूर्वी वाटायचं. तेवढं एक राहिलं होतं तिचं."

सोयराआईंनी सूप बाजूला ठेवलं. ओट्यावर त्या जराशा सरकल्या. दोघांच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली. मग त्यांनी समोरच्या डोंगराकडं बोट केलं.

"पलीकडे काय आहे रे?"

"वाघझिरी. धरण आहे तिथं. येताना मोबाइलवर बघितलं."

"तुला नाही विचारलं."

निनादला आधी कळलंच नाही. मग त्याची नजर मधल्या जागेवर गेली...

"ती म्हणाली असती..." त्यानं डोंगराकडं बघितलं. "म्हणाली असती, तिकडं एक गाव आहे. तिथली माणसं दिवस कलला की दारात बसतात आणि या डोंगराकडं बघतात. म्हणतात, पलीकडं कोण राहत असेल."

"आणि?"

"आणि त्यांच्यात एक पोरगी आहे. ती सगळ्यांना खोटंच सांगते, की मी जाऊन आलेय."

तो बोलत राहिला. मध्येच हसला, मध्येच अडला. समोरच्या डोंगरावरचं ऊन हळूहळू वर सरकत गेलं. आई मधल्या जागेकडं मान वळवून ऐकत होत्या.

शेवटी त्यानं डोळे पुसले. "मग लोकांना काय सांगू? घ्यावं?"

"चांगलं असेल तर घ्या म्हण. खोटं कशाला बोलायचं?"

"आणि मी काय करू?"

सोयराआईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"तुझ्या ताईचं बेट अजून विकायला आलेलं नाही."