टुणीचं डबकं आणि काकूची खुडूक कोंबडी

हौसाकाकूच्या गोठ्यामागे होतं एक डबकं. म्हशी धुतल्या की पाणी तिथे यायचं. डबक्यात राहायची इवलीशी बेडकी. नाव तिचं टुणी.

शेजारी शेणाचा हा एवढा मोठा उकिरडा! फुस फुस, फुस फुस, वाफ सोडायचा. हवा तापतच जायची.

एके दिवशी टुणी पाहते तर काय? डबकं कोरडं! पाठ चरचरली. रडूच आलं तिला.

"डबक्या, डबक्या, पाणी धर."

"कसं धरू? ऊन सगळं पिऊन टाकतं. करंज सावली देईना."

टुण टुण टुण. टुणी गेली करंजाच्या झाडाकडे.

"करंजा, करंजा, सावली दे. डबकं पाणी धरेना!"

"कशी देऊ? फांद्या गेल्या चुलीत. काकू कोयता ठेवेना."

टुण टुण टुण. टुणी गेली काकूकडे.

"काकू, काकू, कोयता ठेव. करंज सावली देईना, डबकं पाणी धरेना!"

"अगं बाई, मग भाकरी कशावर भाजू? गोबरगॅसची टाकी गॅस देईना."

टुण टुण टुण. टुणी गेली टाकीकडे.

"टाकीबाई, टाकीबाई, गॅस दे. काकू कोयता ठेवेना, करंज सावली देईना, डबकं पाणी धरेना!"

"कसा देऊ? पोट रिकामं माझं. शेण जातं उकिरड्यावर. कुंडीतली कोंबडी उठेना."

खरंच की! शेण कालवायची कुंडी, आणि काकूने त्यातच अंड्यावर बसवली होती खुडूक कोंबडी. काय म्हणावं या काकूला!

टुण टुण टुण. टुणी गेली कोंबडीकडे.

"कोंबडीताई, कोंबडीताई, ऊठ ना. टाकी गॅस देईना, काकू कोयता ठेवेना, करंज सावली देईना, डबकं पाणी धरेना!"

"कशी उठू? माझं अंडं फुटेना."

टुणी वाकली. अंड्याला कान लावला.

"अंड्या, अंड्या, फूट ना रे. कोंबडी उठेना, टाकी गॅस देईना, काकू कोयता ठेवेना, करंज सावली देईना, डबकं पाणी धरेना!"

आतून बारीक आवाज आला, "बाहेर खूप गरम आहे का गं?"

टुणीने वाफाळत्या उकिरड्याकडे पाहिलं. खोटं कसं बोलायचं?

"आहे रे. म्हणून तर तू ये."

टक टक... टचक! पिल्लू आलं.

पिल्लू आलं, कोंबडी उठली. कोंबडी उठली, काकूने कुंडीत शेण कालवलं. पचाक पचाक! टाकीचं पोट भरलं. थोड्या दिवसांनी शेगडी पेटली. भक्! काकूने कोयता ठेवला. करंजाला पान आलं. एक पान. दोन पानं. खूप खूप पानं! सावली पडली. म्हशी धुतल्या, पाणी आलं. आलं ते राहिलं.

उकिरडा झाला एवढासा. त्याची फुसफुस कमी झाली.

टुण टुण टुण... डुबुक!

पिल्लू काठावर आलं. "आता गरम नाही ना गं?"

"अजून आहे थोडं," टुणी म्हणाली. "ये, इकडे सावलीत बस."

पिल्लू सावलीत बसलं.