हौसाची चव

ऱ्हस्व-दीर्घ माझं कच्चं आहे आणि मला शब्दही साधेच येतात. मुलांनो, चुकलं तर सांभाळून घ्या. गोष्ट मात्र मी मनापासून सांगणार आहे.

डोंगराच्या कुशीत एक चिमुकलं घर होतं. तिथे हौसा आणि तिचे अप्पा राहायचे. हौसाला आई नव्हती. अप्पा बांबूच्या टोपल्या विणायचे. त्या टोपल्यांतून हिरव्या, लाल, जांभळ्या भाज्या गावभर फिरायच्या. पण अप्पांच्या तोंडात त्यातलं एक पान जायचं नाही. भाकरी, गूळ आणि चहा, एवढंच त्यांचं जेवण.

हौसा भाजी वाढायची आणि अप्पा ती बोटाने ताटाच्या कडेला सारायचे.

“हे हिरवं काय गं?”

“पालक आहे, अप्पा.”

“चांगला आहे. त्याला तिथेच बसू दे.”

शेजारच्या सखूकाकू हसायच्या. “हौसे, तुझा बाप आहे की तान्हं बाळ? अंगाई म्हणून बघ, तरी खातो का!”

हौसाही हसायची. पण हळूहळू अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. उभं राहिलं की त्यांना चक्कर यायची. टोपली अर्धी विणून ते भिंतीला टेकायचे. वैद्यांनी त्यांचे डोळे तपासले आणि हौसाला बाजूला घेऊन सांगितलं, “पोरी, याच्या पोटात भाजीपाला गेला नाही, तर हा अंथरूण धरील. नुसत्या औषधानं भागायचं नाही.”

त्या संध्याकाळी हौसा परसात जाऊन रडली. रडता रडता तिला दिसलं, दोडक्याचा वेल वाऱ्याने मातीत पडलाय. तिने डोळे पुसले. अप्पांच्या कामातून उरलेली बांबूची एक काठी आणून रोवली आणि वेल अलगद वर चढवला.

“लागलं का रे तुला?” तिने वेलाला विचारलं.

दोडक्याची फुलं संध्याकाळीच उमलतात. एक पिवळंधमक फूल हळूच उघडलं आणि त्यातून सोनेरी उजेड सांडला. उजेडात एक इवलीशी परी बसली होती. तिचे पंख कोथिंबिरीच्या पानासारखे नाजूक होते. झगा मुळ्याच्या फुलासारखा पांढराशुभ्र होता. केसांत टपोरे थेंब चमचम करत होते.

“माझं घर तू सावरलंस,” परी म्हणाली. “तुला दोन इच्छा देते. पण नियम ऐक. भाजीचं रूप मी बदलीन, पण ते फार वेळ टिकणार नाही. आणि माणसाचं मन काही मला बदलता येत नाही.”

हौसा लगेच म्हणाली, “मग उद्याची भाजी गुळासारखी दिसू दे!”

दुसऱ्या दिवशी अप्पांनी ताटातला गुळाचा मोठा खडा उचलला. तो ओठांपर्यंत नेला आणि तेवढ्यात जादू विरली. अप्पांच्या बोटांत माठाची हिरवीगार भाजी लोंबत होती.

अप्पा ओरडले नाहीत. “तू मला फसवलंस, हौसे?” एवढंच म्हणाले. त्यानंतर ते तिच्या हातची भाकरीसुद्धा उलटसुलट करून बघायला लागले आणि अर्धीच खायला लागले.

हौसा परीकडे धावली. “परी, मला भाजी खूप गोड लागते. माझी चव काढून घे आणि अप्पांना दे.”

“मग तुला गूळसुद्धा मातीसारखा लागेल, बाळा.”

“लागू दे. अप्पा बरे झाले पाहिजेत.”

परीचे डोळे पाणावले. तिने हौसाच्या ओठांना बोट लावलं. एक गुलाबी ठिणगी उडाली, फुलात शिरली आणि पाकळ्या मिटल्या.

सकाळी हौसाने दोडक्याची भाजी केली. तळहातावर थेंबभर रस्सा घेऊन चाटला. काहीच लागलं नाही. तिने मीठ घातलं. परत काहीच नाही. आणखी घातलं. मग ती चुलीसमोर हुंदके द्यायला लागली.

“काय झालं गं?” अप्पांनी विचारलं.

“अप्पा, मला कशाचीच चव येत नाही. मीठ किती पडलं तेही कळत नाही.”

“जीभ भाजली का?”

“नाही.”

अप्पांनी हातातली अर्धी टोपली बाजूला ठेवली. मग भिंतीला धरून उठले, चुलीशी येऊन बसले आणि त्यांनी तळहात पुढे केला. “घाल. मी बघतो.”

कडू काढा घ्यावा तसे त्यांनी डोळे मिटले. “बाई गं, खारट! पाणी घाल.”

“आता?”

“आता शेंगदाण्याचं कूट घाल थोडं.”

“आता?”

“थांब, घाई करू नको. परत दे बघू.”

असं करता करता कढईत अर्धीच भाजी उरली.

मग रोज तसंच व्हायला लागलं. हौसा रांधायची आणि अप्पा तिची जीभ व्हायचे.

“भेंडी कशी लागते, अप्पा?”

“कुरकुरीत छान लागते. बुळबुळीत नाही आवडत मला.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“आधी मला तरी कुठे माहीत होतं?”

सखूकाकू कुंपणावरून ओरडल्या, “अहो, जरा दमानं! गावाला ठेवा थोडी भेंडी!”

अप्पांच्या गालांवर रंग चढला. एके दिवशी त्यांनी एका बैठकीत अख्खी टोपली विणली. त्या संध्याकाळी हौसा वेलापाशी गेली. “परी, तू माझी चव अप्पांना दिलीस. तुझे फार उपकार झाले.”

परी मंजुळ हसली. “नाही गं. मी काहीच दिलं नाही. तुझी चव इथे फुलात झोपली आहे. तुझे अप्पा आपणहून आले, तुझ्यासाठी.”

फूल उमललं. गुलाबी ठिणगी भिरभिरत हौसाच्या ओठांवर बसली. तिने कोवळा दोडका तोडून खाल्ला, तर तो इतका गार, इतका गोड लागला की ती खुदकन हसली.

“आता मला इथे काम नाही,” परी म्हणाली. सोनेरी उजेड वाढत वाढत साऱ्या परसात भरला. पानापानावर थरथरला आणि आभाळात विरून गेला.

घरातून हाक आली, “हौसे, भाजी कुठवर आलीय? भूक लागली मला!”

ही गोष्ट लिहून झाली तेव्हा अंधारून आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेपूची भाजी केली. शेपूचं नाव काढलं तरी उठून जाणाऱ्या आमच्या दादांपुढे, म्हणजे माझ्या वडिलांपुढे, लाजत लाजत पळी धरली आणि म्हटलं, “दादा, जरा मीठ बघता का?” दादांनी हात पुढे केला.