शाळेचे दहा, वसुलीचे पंधरा

"विद्याशाळेचे थकलेत दहा रुपये, आणि ते मागायला मी आलो त्याचे पंधरा. आधी माझे टाक!" भिवराच्या ओट्यावर फतकल मारून भुजंगराव वसुलीदार गरजले.

भिवरा कोष्ट्याची लेक. राजाच्या विद्याशाळेत वैद्यकी शिकली, परीक्षेत पहिली आली, पण शेवटच्या वर्षाची फी थकली. फी भरल्याशिवाय दाखला नाही आणि दाखल्याशिवाय कुणाची नाडी धरायची नाही, असा राज्याचा कायदा. बापानं मागावरची लुगडी विकून कसेबसे दहा रुपये उभे केले, तर दारात हे विघ्न!

त्या राज्यात रिवाजच होता, वसुलीदार दारात बसला की देणेकऱ्यानं त्याला जेवू घालायचं. मग भुजंगरावांना कसली घाई?

"काका, हे दहा घ्या आणि शाळेत भरा."

"भरतो की! आधी माझी मजुरी. चालून चालून वहाणा झिजल्या!"

"आल्यापासून ओट्यावरून हलला नाहीत! वहाणा बसून झिजतात होय?"

"जास्त बोललीस तर बोलण्याचेही लावीन! आमटी वाढ थोडी."

भिवरानं आमटी काही वाढली नाही. पैसे मुठीत धरून ती तडक दरबारात गेली. मागोमाग तोंड पुसत भुजंगराव. विद्याशाळेचे आचार्य तिथं बसलेलेच होते.

राजा महाहट्टी! सगळं ऐकून म्हणाला, "पोरी, हुकूम माझाच आहे. थकलेली फी जो शाळेला आणून देईल, त्याला देणेकऱ्यानं पंधरा रुपये मजुरी द्यायची. यात तसूभर बदल नाही. दहा रुपयांत हुकूम पाळून दाखव, नाहीतर दाखला विसर!"

भिवराचं डोकं मात्र जागेवर होतं.

"महाराज, मजुरी आणून देणाऱ्यालाच ना? नुसतं मागणाऱ्याला नाही?"

"आणून देणाऱ्यालाच!"

भिवरानं दहा रुपये आचार्यांच्या हातावर ठेवले. "पोचले, गुरुजी?"

"पोचले, बाळ."

"कुणी आणून दिले?"

"तूच की!"

भुजंगराव ताडकन उठले. "महाराज, मी आणणारच होतो!"

"'जेवणारच होतो' म्हटल्यानं पोट भरतं का, काका?" भिवरा राजाकडे वळली. "महाराज, घटकाभर पंधरा रुपये उसने द्या."

राजानं बुचकळ्यात पडून दिले. भिवरानं ते डाव्या हातातून उजव्या हातात ठेवले.

"देणेकरी मी, मी दिले. आणून देणारी मी, मला मिळाले. हुकूम पाळला! हे घ्या तुमचे पंधरा परत."

राजा असा हसला, असा हसला, की मुकुट कानावर आला. "दाखला द्या हिला, आत्ताच! आणि ते पंधरा ठेव तुझ्याकडेच, वैद्यबाई. हसून हसून पोटात कळ आलीय, तुझी पहिली फी समज!"