खामखेडच्या शाळेचा कॅमेरा

खामखेड नावाच्या गावात भागोजी नावाचा एक भोळा शिपाई होता. शाळेत शिपाई होता. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. शाळेत असं करणारा तो एकटाच होता, म्हणून सगळी कामं त्यालाच सांगत.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या पारूबाईची मुलगी तुळसा आठवीत होती. ती फार जोरात पळायची. जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहात एक जागा रिकामी होती. एकच. तिथं राहायला खोली, शिकवायला गुरू आणि रोज दूध-अंडी. पण शर्यतीचं चित्रण पाठवल्याशिवाय अर्ज घेत नव्हते. मोबाइलवरचं चित्रण चालणार नाही, कॅमकॉर्डरच हवा, असं परिपत्रकात होतं. का चालणार नाही, ते परिपत्रकात नव्हतं.

मुख्याध्यापक उगले सरांनी कॅमेरा मंजूर करून घेतला. आणायला कोण जाणार? शिक्षक सगळे गावातली जनावरं मोजायला गेले होते. उरला भागोजी.

"भागोजी, तालुक्याला जा. लांबचं जवळ दिसेल असा कॅमेरा बघ. आणि पहिल्याच दुकानात घेऊ नकोस. चार दुकानं बघ, मग घे."

"बरं सर."

तालुक्याला कॅमेऱ्याचं दुकान एकच होतं, बाफना शेठचं. तिथं हवा तसा कॅमेरा होता, शेवटचा. भागोजी म्हणाला, "छान आहे. आता अजून तीन दुकानं बघून येतो." त्यानं भांड्यांचं दुकान बघितलं. चपलांचं बघितलं. खताचं बघितलं, तिथं थोडा वेळही गेला. परत येईस्तोवर एका लग्नवाल्यानं कॅमेरा नेला होता.

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे, चांगली वस्तू दिसली की लगेच उचलायची! मागं वळून बघायचं नाही!"

"बरं सर."

आठवड्यानं नवा माल आला. भागोजी गेला. दुकानाच्या दर्शनी काचेत एक भलामोठा, चकचकीत कॅमेरा होता. चांगला दिसला. त्यानं लगेच उचलला आणि निघाला. मागून बाफना शेठ ओरडत होते, "अहो! अहो, तो नुसता दाखवायला ठेवलाय! आत काही नाही त्यात!" पण मागं वळून बघायचं नव्हतं. भागोजी एसटीत बसला. बाफना शेठ रिक्षा करून शाळेत पोचले, तेव्हा भागोजी पोकळ प्लास्टिक सरांच्या टेबलावर ठेवत होता.

सरांनी शेठना चहा पाजला, हात जोडले आणि भागोजीकडे वळले.

"अरे माणसा, वस्तू घेताना चालवून बघावी! आपल्याला पळणारं माणूस टिपायचंय. पळणारं नीट टिपतं का, ते बघावं की नाही?"

"बघतो सर."

दुसऱ्या दिवशी भागोजी पुन्हा दुकानात. शेठनी खरा कॅमेरा पुढं ठेवला.

"शेठ, पळा."

"काय?"

"पळणारं टिपतंय का बघायचंय. तुम्ही स्टँडपर्यंत पळा, मी टिपतो."

"मी? या गुडघ्यांनी?"

"सरांनी सांगितलंय."

हा माणूस एकदाचा जावा म्हणून शेठ पळाले. धोतर सावरत पळाले. स्टँडवरच्या लोकांना वाटलं, दुकानाला आग लागली. चारजण पाण्याच्या बादल्या घेऊन आले. पण चित्रण झकास आलं. भागोजीनं कॅमेरा घेतला, पावतीही घेतली.

सरांनी चित्रण बघितलं. पडद्यावर शेठची पाठ लांब लांब जात होती.

"अरे, पाठ काय कामाची? पळतंय कोण ते कळायला नको? तोंड दिसलं पाहिजे, तोंड! समोर राहून घ्यायचं!"

"बरं सर. तोंड."

क्रीडादिन उजाडला. सभापती आले. पाहुण्यांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, असं अकरापर्यंत चाललं. मुलं उन्हात उभी होती, पण मुलांसाठीच तर दिवस होता. मग सभापती जेवायला बसले. भागोजी त्यांच्या समोर बसला आणि त्यानं पहिल्या घासापासून शेवटच्या ढेकरेपर्यंत त्यांचं तोंड टिपलं. दातात अडकलेली मेथी फार स्पष्ट आली.

सभापती लाल झाले. सर पांढरे झाले. भागोजीला बाजूला ओढून ते दबक्या आवाजात म्हणाले, "जेवणाऱ्याला नाही रे, पळणाऱ्याला टिप! तुळसाचं तोंड! रेषेपासून रेषेपर्यंत तिला क्षणभर सोडायचं नाही. तिचं नशीब त्या डब्यात आहे, कळलं?"

"कळलं सर."

शिट्टी झाली. आठ मुली पळाल्या. आणि त्यांच्यापुढे, कॅमेरा डोळ्याला लावून, तुळसाकडे तोंड करून, भागोजी उलटा पळाला. वीस वर्षं घंटा चुकू नये म्हणून पळणारा माणूस तो. तुळसानं वेग वाढवला, भागोजीनं वाढवला. तुळसा बाकीच्या सात जणींच्या कितीतरी पुढं आली, पण भागोजी तिच्यापुढं चार पावलं होता तो चारच राहिला. त्यानं पाठीनं फीत तोडली.

पंच होते ग्रामसेवक. रेषा पहिल्यांदा ओलांडेल त्याला गुलाल लावा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी भागोजीला गुलाल लावला.

"भागोजीकाका, तुम्ही कशाला पळालात?" धापा टाकत तुळसा म्हणाली.

"तुझं तोंड दिसायला पाहिजे होतं गं."

चित्रण मात्र असं आलं, की सर बघतच राहिले. तुळसाचं तोंड, तिचा श्वास, मागं पडत जाणाऱ्या मुली. सरांनी ते त्याच दिवशी पाठवलं. पारूबाईनं मुलीची पिशवी भरायला घेतली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं, तेव्हा सर जीपमध्ये बसत होते. 'कागदाची बचत' या विषयावर तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्याची चाळीस पानी पुस्तिका त्यांच्या काखेत होती. त्यांनी पत्र वाचलं आणि आनंदानं भागोजीच्या हातात दिलं.

"झालं बाबा काम! ज्याचं पत्र आहे त्याला दे. सोमवारी सकाळी दहाला तिथं हजर पाहिजे. चुकता कामा नये!"

जीप गेली. भागोजीनं पत्र वाचलं. 'सदर शर्यतीत सर्वप्रथम रेषा ओलांडणाऱ्या धावपटूची निवड करण्यात येत आहे.' नाव नव्हतं. त्यानं दोनदा वाचलं. सर्वप्रथम रेषा कुणी ओलांडली? गुलाल कुणाला लागला? त्याला वाईट वाटलं, तुळसाला मिळालं असतं तर बरं झालं असतं. पण सरकारी पत्र होतं.

सोमवारी अकरा वाजता सर परतले. तुळसा भरलेली पिशवी शेजारी ठेवून पायरीवर बसली होती. पत्राची वाट बघत होती. सरांनी फोन लावला.

"भागोजी! कुठं आहेस तू?"

"वसतिगृहात सर. दहाच्या आधीच हजर झालो."

"तू? अरे, जागा एकच होती!"

"हो सर, भरली. इथले साहेब म्हणाले, पत्रात वयाची अट टाकायची राहून गेली, आता पत्र बदलता येत नाही. दोन अंडी मिळाली, दूधही मिळालं. सगळं उत्तम आहे. एकच अडचण आहे सर."

"काय?"

"इथं तोंड पुढं करून पळायला लावतात."