न ऐकलेले आठ निरोप

पूर्वी सागरपट्टण बंदरात सुबाहू राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व दूरच्या एका बेटावर वल्हेकऱ्याच्या कुळात जन्मला होता. रंग काळाभोर, केस दाट कुरळे, गालांवर कुळाच्या रीतीप्रमाणे गोंदलेल्या रेघा. एका मोसमात व्यापारी गलबतावर वल्ही मारत तो या बंदराला आला.

तिथे नंदिसेन नावाचा कोळ्यांचा म्होरक्या राहत असे. माणूस खरोखर भला. त्याचा एकुलता एक मुलगा पुन्नक बापाशी भांडून नऊ वर्षांपूर्वी गलबतावर चढला, तो परतलाच नाही. तेव्हापासून नंदिसेन आणि त्याची बायको उप्पला डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होती. गलबत लागलं की नंदिसेन धक्क्यावर धावे. गलबत हाकणाऱ्या तांडेलाला विचारी, व्यापाऱ्याला विचारी, "माझा पुन्नक कुठे दिसला का?" वल्हेकऱ्यांना मात्र त्याने कधी विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलं नव्हतं हो, त्याला सुचलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

बोधिसत्त्व घर शोधत त्याच्या दाराशी आला. तोंड उघडणार तोच नंदिसेन म्हणाला, "कळलं बाबा, भुकेला आहेस." अंगणाच्या कडेला भाकरी आणि मासा ठेवून त्याने कवाड लावलं, आणि उप्पलेला हळूच म्हणाला, "भांडी आत घे." बाहेरून हाका आल्या. परक्याची बडबड म्हणून दोघांनी त्या कानाआड केल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. माणसाला पोटभर वाढायचं आणि त्याचं एक अक्षर ऐकायचं नाही, ही कसली दया!

तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि गलबत परत निघालं. ते चुकलं की वर्षभर बेटाकडे जाणारं दुसरं नाही, आणि बेटावर बोधिसत्त्वाची म्हातारी आई त्याची वाट पाहत होती. तिच्या आठवणीने त्याचं काळीज तुटलं. तरी सोबत आणलेला निरोप न देता त्याचा पाय निघेना. त्याने गलबत जाऊ दिलं, नंदिसेनाच्या कुंपणावरचं फाटकं जाळं पुढ्यात ओढलं आणि सांधू लागला.

"अगं बाई, जाळ्याला हात घातला मेल्यानं!" म्हणत उप्पला धावली आणि थबकली. त्या गावात प्रत्येक घराची जाळ्याची गाठ वेगळी असे. हा परका तिच्याच घरची दुहेरी गाठ मारत होता. ती तिने फक्त पुन्नकाला शिकवली होती.

"ही कुणी शिकवली रे तुला?"

"पुन्नकानं," बोधिसत्त्व म्हणाला. "माझ्या बहिणीचा नवरा आहे तो. पाय मोडून कायमचा अधू झालाय, समुद्रावर येता येत नाही. दर वर्षी आमच्यातल्या एकाकडे निरोप देतो, 'बा, राग गेला का?' सगळे परत येऊन सांगतात, म्हातारा भाकरी देतो, पण बोलू देत नाही. पुन्नकाला वाटतं, बापालाच आपला निरोप नको आहे."

उप्पलेमागून आलेल्या नंदिसेनाने सगळं ऐकलं. याच्याआधी आठ जण येऊन गेले होते. त्याने आठवून पाहिलं. एकाचाही चेहरा आठवेना.

"राग कसला रे," तो हुंदके देत म्हणाला, "जाऊन सांग ना त्याला!" पण गलबताचं शीडही आता दिसत नव्हतं.

वर्षभर बोधिसत्त्व त्यांच्याच पंगतीला जेवला. तिघंही वाऱ्याची वाट पाहत राहिली, आणि वारा फिरला तेव्हा तिघंही एकाच गलबतावर चढली.

ही कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तो वल्हेकरी मीच होतो. आणि आज सकाळी विहाराच्या दारात आलेल्या परदेशी माणसाला ज्याने अन्न दिलं, पण काय हवं ते विचारलं नाही, तो भिक्षू तेव्हाचा नंदिसेन. वल्हेकऱ्यापाशी क्षांती, म्हणजे सोशिकपणा, होता. नंदिसेनापाशी दान होतं, मैत्री नव्हती."

तो भिक्षू उठला आणि धावत रस्त्यावर गेला. रस्ता दोन्हीकडे रिकामा होता.