संवत्सराचं नाव

पाडव्याच्या सकाळी मल्लदेव राजा डोळे मिटून सरत्या वर्षातल्या जगभरच्या वार्ता ऐकत होता. चीनमध्ये नदीने पात्र बदललं होतं, मिसरात निळा मनोरा उभा राहिला होता आणि उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रावर हिरवा उजेड नाचला होता.

“आम्हीही महाल बांधला,” राजा स्वप्नात बोलल्यासारखा म्हणाला. “आता नव्या संवत्सराला आमचंच नाव द्या.”

संवत्सरांची नावं तर पूर्वापार ठरलेली; पण नाही म्हणणाऱ्याचं डोकं उडणार होतं.

पंचांग वाचणाऱ्या वामन जोशींनी हात जोडले. “देतो, महाराज. पुढच्या पाडव्याला मात्र गावोगाव दवंडी पिटावी लागेल, ‘मल्लदेव संपला, गुढ्या उभारा.’”

राजाने डोळे उघडले. “जोशीबुवा, पंचांगातलंच नाव वाचा.”