थरथरत्या पंजाचं झाकण

जंगलात वैद्यकी फक्त साळिंदरबाई करत, त्या काळची गोष्ट. मधमाशी डसली की अस्वलाचा श्वास अडकायचा. म्हणून साळिंदरबाईंनी आपला पोकळ काटा औषधाने भरून, माशी डसताच टोचून घ्यायला त्याला दिला. पण अस्वल चुकून काट्यावरच बसलं आणि औषध वाया गेलं.

मग सुगरण पक्षिणीने नव्या काट्यावर घट्ट झाकण विणलं. सगळ्यांनी वाहवा केली. पुढे मधमाशी डसली तेव्हा मात्र अस्वलाच्या सुजलेल्या, थरथरत्या पंजाला ते निघेना. साळिंदरबाईंनी धावत येऊन ते कुरतडलं, म्हणून अस्वल वाचलं.

"माझी एवढी सुंदर वीण कुरतडली!" सुगरण चिडली.

"वीण सुंदरच होती, ताई," अस्वल म्हणालं, "पण ती तू तुझ्या चोचीला विचारून विणलीस."

दुसऱ्या दिवसापासून सुगरण अस्वलाशेजारीच विणायला बसली. "आधी यावर बस. आता डोळे मिटून पंजा थरथरव आणि उघड." जमलं नाही की ती उसवायची. शेवटी असं झाकण झालं, की बसलं तरी हलेना, पण काटा मांडीवर उभा दाबला की अलगद मागे सरके.

वसंतात अस्वल एकटंच मध काढायला गेलं. संध्याकाळी परतलं तेव्हा नाक सुजलेलं होतं, काटा रिकामा होता आणि सुगरणीसाठी द्रोणभर मध होता.